मागची ओळ

“...पण मी बाजूला झालो, तर हा देश सांभाळणार कोण, अल्फा?”

पंतप्रधान बुबाकार तांदिनाने तिसऱ्यांदा तेच विचारलं.

अल्फा म्हणजे गुरुजी. वाळवंटाच्या कडेला असलेल्या त्या गावात दोन पिढ्यांना अक्षरओळख करून दिली ती हमादून अल्फांनीच. बुबाकारलाही. आज त्यांची नव्वदी उलटली होती. मातीच्या मशिदीबाहेर ते सावकाश तोंड धूत होते.

“आधी नमाज,” ते म्हणाले.

बुबाकार बावीस वर्षं पंतप्रधान होता. दोन दुष्काळ त्याने निभावून नेले होते, लष्कराचं एक बंड मोडलं होतं. सांभाळता आली नाही ती फक्त झोप. ती केव्हाच गेली होती. घटनेप्रमाणे यंदा त्याने पायउतार व्हायचं होतं. पक्षाने घटनादुरुस्तीचा मसुदा तयार ठेवला होता. सही केली की आणखी सात वर्षं. तो कागद गाडीत होता आणि सहा तासांच्या प्रवासात बुबाकारने त्याला हातही लावला नव्हता.

शुक्रवारची दुपार. मशीद गच्च भरली होती. अल्फा नेहमीसारखे नमाज पढवायला पुढे जातील म्हणून बुबाकारने वाट करून दिली.

अल्फा शेवटच्या ओळीत उभे राहिले.

पुढे इमाम म्हणून उभा होता यिरो. शेळ्या राखणारा, शाळेत बुबाकारच्या शेजारी बसणारा, एक ओळ धड पाठ न होणारा यिरो! एका शब्दाशी तो अडखळला. मागे आला. पुन्हा अडखळला. कसाबसा पुढे गेला.

बुबाकारचे कान तापले.

नमाज संपली. माणसं पांगली. ते दोघेच उरले.

“तो चुकला, अल्फा.”

“हो. बहुतेक शुक्रवारी चुकतो.”

“आणि तुम्ही मागे उभे राहून ऐकून घेता? तुमच्यासारखं पठण या भागात कुणाचं नाही.”

“मीही चुकायचो.”

“तुम्ही? मी तरी कधी ऐकलं नाही.”

“ऐकलंस. बोलला नाहीस.”

मंत्रिमंडळाच्या बैठकीत कुणी शेवटचं ‘नाही’ कधी म्हटलं होतं, ते बुबाकारला आठवेना.

“आणि यिरोला लोक सांगतात?”

“रस्त्यात अडवून सांगतात. विहिरीवर बायका सांगतात.” अल्फा हसले. “तोही ऐकतो बिचारा. मग पुढच्या शुक्रवारी दुसरीकडे चुकतो.”

“यिरोच्या हातून काही बिघडलं तर?”

“बिघडेल की.”

“मग?”

अल्फांनी भिंतीला पाठ टेकली. बाहेर कुठेतरी कुणीतरी उखळात बाजरी कांडत होतं.

“मी फार दमलोय, अल्फा...”

बावीस वर्षांत हे वाक्य त्याने बायकोपाशीही उच्चारलं नव्हतं.

“दिसतंय ते,” अल्फा म्हणाले. “गाडीतून उतरलास तेव्हाच दिसलं.”

पुढच्याच आठवड्यात बुबाकारने तो मसुदा सही न करता परत पाठवला. निवडणूक झाली, तो निवडणुकीला उभा राहिला नाही, आणि नवा पंतप्रधान पहिल्याच वर्षी दोनदा तोंडावर आपटला. देश मात्र चालू राहिला. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी बुबाकारने काहीच ठरवलं नव्हतं. निघायला म्हणून तो उठला, दाराशी गेला आणि तिथूनच वळला.

“तुम्ही इतकी वर्षं सगळ्यांच्या पुढे उभे होता, अल्फा. त्या मागच्या ओळीतून... दिसतं तरी काय?”

अल्फांनी जमिनीकडे पाहिलं.

“टाचा,” ते म्हणाले. “केवढ्या भेगा आहेत रे लोकांच्या टाचांना...”