धुक्यातली हाक

नदीच्या उत्तर तीरावर एका वृद्ध आचार्यांची पाठशाळा होती. तिथे दिगंबर नावाचा एक तरुण व्याकरण शिकत होता. बुद्धी तीक्ष्ण, वाणी शुद्ध. आणि नेमका शब्द निवडण्यात तर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. एके दिवशी पाठ संपल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, उद्या पलीकडून माझे सावत्र बंधू येणार आहेत."

"वा! तुझा भाऊ येतोय?" आचार्य आनंदाने म्हणाले.

"सावत्र," दिगंबरने दुरुस्ती केली. "सहोदर नव्हे."



या दुरुस्तीमागे एक जुने दुखणे होते. दिगंबर लहान असतानाच त्याचे वडील वारले. वडिलांच्या पहिल्या पत्नीचा मुलगा हरिहर, त्याला तेव्हा धड मिसरूडही फुटले नव्हते. पण घराचा, शेताचा सारा भार त्याच्यावर आला. पुढे त्याने दिगंबरला नदीपलीकडे या पाठशाळेत आणून सोडले. भाऊबंदांपैकी कुणीतरी दिगंबरच्या कानात घातले, "सख्खा असता तर असं घराबाहेर काढलं असतं का?" तो काटा रुतला तो रुतलाच. हरिहर अधूनमधून भेटायला येई, आईने बांधून दिलेला खाऊ आणी. दिगंबर आदराने बोले, पण त्याला हाक म्हणून कधी मारीत नसे. 'कधी निघालात', 'आई बरी आहे ना', 'जपून जा', अशी सारी बिनसंबोधनाची वाक्ये. व्याकरण शिकलेल्या माणसाला ते सहज जमते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर दाट धुके उतरले. दिगंबर घाटावर पोहोचला तेव्हा तिथे गर्दी जमली होती. पलीकडून निघालेली होडी केव्हाच यायला हवी होती. धुक्यातून नावाड्याचा आवाज तेवढा येत होता, "कुठला काठ? अरे, काठ कुठला?" होडी दिशा चुकली होती, आणि प्रवाहाच्या खालच्या अंगाला कातळांची रांग होती. घाटावरचे लोक जिवाच्या आकांताने ओरडत होते, "इकडे! इकडे!" पलीकडच्या काठावरूनही तेच ओरडणे ऐकू येत होते. कुणी देवळातली घंटा बडवीत होते. दिगंबरही ओरडू लागला, "हरिहरराव! अहो हरिहरराव!" पलीकडूनही कुणी त्याच नावाचा पुकारा करीत होते.

एवढ्यात आचार्य काठी टेकीत आले. क्षणभर त्यांनी कान दिला आणि हात वर केला. "सगळे गप्प राहा. ती घंटा थांबवा."

"गप्प राहा?" नावाड्याची बायको संतापून पुढे आली. "माझा धनी आहे त्या होडीत, गुरुजी!"

"म्हणूनच सांगतो, बाई. थोडा वेळ गप्प राहा."

तिने पदराचा बोळा तोंडात धरला. घाट शांत झाला. आचार्य दिगंबरकडे वळले. "आता तू एकट्याने हाक मार. पण नावाने नको. तो तुझा जो लागतो, त्या नात्याने मार."

दिगंबरने तोंड उघडले आणि मिटले. एवढे शब्द येणारा तो, पण त्यातला एकही हाकेत बसेना. खालून कातळांवर आपटणाऱ्या पाण्याची घरघर स्पष्ट ऐकू येऊ लागली. आणि कित्येक वर्षे न उच्चारलेला शब्द त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडला.

"दादा! ए दादा!"

उत्तर आले नाही. त्याने सारा जीव एकवटून पुन्हा हाक मारली, "दादाऽऽ!"

"कोण? दिगू? दिगू का रे?"

"हो दादा, मीच! इकडे ये!"

"ओरडत राहा रे! थांबू नकोस!" मग धुक्यातच तो नावाड्याला म्हणाला, "तो आमचा धाकटा. त्याच्या आवाजावर होडी घे!"

दिगंबर ओरडत राहिला. घसा सोलवटला तरी थांबला नाही. शेवटी धुक्यातून होडीचे नाक बाहेर आले आणि पायरीला घासले. नावाड्याची बायको मटकन खाली बसली, रडता रडता हसू लागली. हरिहर गुडघाभर पाण्यात उतरला. दिगंबरने त्याला दोन्ही हातांनी धरून वर ओढले.

पाठशाळेत चुलीपुढे हरिहर शेकत बसला, तेव्हा दिगंबरने बाहेर येऊन घोगऱ्या आवाजात विचारले, "गुरुजी, नावाने का नको म्हणालात?"

आचार्य म्हणाले, "बाळ, 'इकडे' हा शब्द दोन्ही काठांवरून येत होता. नावही दोन्हीकडून येत होते. भोवंडलेल्या माणसाला त्यातून दिशा कशी कळावी? पण त्याला दादा म्हणणारा जगात एकच आहे आणि तो या काठावर राहतो, हे त्याला पक्के ठाऊक होते." मग ते म्हणाले, "सख्खा, सावत्र, चुलत, मावस हे शब्द काही खोटे नाहीत. तेही यायला हवेत. पण ते तिऱ्हाइताला नाते समजावून सांगण्यासाठी असतात. हाक मारताना आपल्या भाषेने त्यांना जागाच ठेवलेली नाही. आणि हरवलेला माणूस सापडतो तो हाकेने."

दिगंबर आत गेला. पेजेचा वाडगा हरिहरच्या हाती देत त्याने विचारले, "दादा, मला इथे का आणून सोडलंस?"

"म्हणजे काय?" हरिहर चकित झाला. "तुला शब्दांचा नाद, मला नांगराचा. दोघांनीही नांगरच धरला असता तर बाबांना काय वाटलं असतं? का रे, करमत नाही का इथे?"

"करमतं रे दादा," दिगंबर म्हणाला.

"आणि हे बघ, ज्यासाठी आलो ते सांगायचंच राहिलं," हरिहर हसत म्हणाला. "तुझ्या वहिनीला मुलगा झाला. आई म्हणते, नाव दिगूच सुचवेल. चल आता, तुला काका म्हणणारा आलाय घरी."

 दिगंबर उठला, डोळे पुसत आपले कपडे गाठोड्यात बांधू लागला. बाहेर धुके विरून ऊन पडले होते, आणि आचार्यांनी त्याने मागण्याआधीच त्याला रजा दिली होती.