हत्तिणीचं चित्र

फार पूर्वी, प्राणी चित्रं काढत असत त्या काळी, एका रानातली म्हातारी हत्तीण वारली. तिच्या पिल्लानं तीन दिवस पाण्याला तोंड लावलं नाही.

वानरानं खडकावर गेरूनं हत्तिणीचं चित्र काढलं. कानाची फाटकी कडासुद्धा हुबेहूब! पिल्लानं एकदा पाहिलं नि मान फिरवली.

मग बिनडोळ्यांचं गांडूळ वर आलं. हत्तिणीच्या वाटेवर त्यानं मातीचे चार ढीग रचले, थोडी जागा मोकळी सोडली, पुन्हा चार ढीग. असं थेट ओढ्यापर्यंत.

"गांडुळा, लेका, यात सोंड कुठाय?" वानर हसला.

"सोंड कधी पाहिली नाही, दादा. ती माझ्या डोक्यावरून चालायची, तेवढंच ठाऊक. चुकलंही असेल."

"आणि ही मोकळी जागा?"

"दर चार पावलांनी ती थांबायची."

पिल्लू उठलं. पहिल्या मोकळ्या जागेत जाऊन उभं राहिलं, थांबलेल्या आईला गाठावं तसं. मग दुसरीत. मग तिसरीत. ओढा आला, तेव्हा त्यानं सोंड पाण्यात बुडवली.

वानरानं गेरू खाली ठेवला आणि मोकळ्या जागांवर पाय पडू नये म्हणून लांबचा वळसा घेऊन तो घरी गेला.