गिरजाक्काचे तीन प्रश्न

एका राज्यात सात वर्षांत कुणी 'आई गं' म्हणून कण्हलं नव्हतं. ऐकायला बरं वाटतं, नाही? आता पुढचं ऐका.

तिथला राजा चंडकेतू. त्याची राणी वर्षभर कण्हत कण्हत गेली. ती गेली, पण ते कण्हणं राजाच्या कानांतून जाईना. तेव्हा त्यानं काळ्या डोंगरावरचा मायावी कालजंघ याला बोलावलं आणि आज्ञा केली, "माझ्या राज्यात यापुढे कुणाला काही दुखता कामा नये." मायाव्यानं तांब्याची घागर पुढे धरून मंत्र म्हटला. राज्यातली डोकेदुखी, दाढदुखी, कंबरदुखी, एवढंच काय, काळजातलं दुःखसुद्धा त्या घागरीत उतरलं. बदल्यात त्यानं ती घागरच मागितली. राजानं दिली. घागर घेऊन तू करणार काय, एवढंही विचारलं नाही.

विचारण्याचं काम त्या नगरीत एकटी गिरजाक्का करी. बाजाराच्या टोकाला तिचं औषधांचं दुकान होतं. ओवा, सुंठ, सोनामुखी, डोकेदुखीवरची वाळुंजाची साल, सगळं बरण्यांत भरलेलं. नवरा बाळोजी खलात कुटायचा आणि ती पुड्या बांधायची. पण तीन प्रश्न विचारल्याशिवाय पुडी हातात पडत नसे. कुठे दुखतं? केव्हापासून? याआधी काय घेतलंस? लोक म्हणत, डोकं धरून अक्काकडे जावं, तर ती आधी आपलं डोकंच खाते. दुकानातल्या साळुंकीलाही ते प्रश्न पाठ झाले होते.

घागर भरली तशी दुकानावर माशी फिरकेना. लोकांनी मिरवणुका काढल्या. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं जो तो धरून चालला. मग कुणाच्या तळव्यात बाभळीचा काटा राहिला आणि पाय सडून गेला. कुणी उकळत्या कढईत हात घातला, तो मांस शिजेपर्यंत काढला नाही. तिसऱ्या वर्षी बाळोजीचं पोट फुगलं. "मला काही होत नाही," तो म्हणाला, आणि आयुष्यभर जगाला विचारणाऱ्या अक्कानं त्याला मात्र काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी तो गेला. चितेपुढे ती कोरड्या डोळ्यांनी उभी राहिली. तिचं दुःखही घागरीतच होतं.

सातव्या वर्षी राजकन्या शशिलेखा आजारली. आठ वर्षांची पोर. अंगात ताप, तोंडाला चव नाही, चालताना तोल जाई. राजवैद्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पण दुखणं सापडेना. शेवटी राजानं गिरजाक्काला बोलावलं.

"अक्का, औषध दे."

"कशावर देऊ, महाराज?"

राजानं पोरीकडे बोट दाखवलं. अक्कानं पोरीच्या कपाळावर हात ठेवला. "कुठे दुखतं, बाळ?"

"दुखणं म्हणजे काय, आजी?" पोरीनं विचारलं.

अक्का उठली. "महाराज, ती घागर परत आणली नाही, तर ही पोर न कण्हता जाईल," ती म्हणाली. राजानं खाली मान घातली. सैन्य पाठवायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. अक्कानं पुड्यांची झोळी खांद्याला लावली, साळुंकीला बरोबर घेतलं आणि ती वेशीबाहेर पडली. वाट साळुंकीला ठाऊक होती. पाखराला वेस नसते.

वेशीबाहेर दुखणी होती तशीच होती. पहिल्या खिंडीत वाघ आडवा आला. "म्हातारे, डोकं फुटतंय. औषध दे, नाहीतर खातो."

"कुठे दुखतं?"

"सगळं कपाळ."

"केव्हापासून?"

"तीन वर्षं. रोज."

"आणि याआधी काय घेतलंस?"

"वाळुंजाच्या सालीचा काढा. तोही रोज."

"मग मी काही देणार नाही," अक्का म्हणाली. "रोजच्या काढ्यानंच आता डोकं धरलंय. काढा सोड. चार दिवस जास्त दुखेल, मग उतरेल." वाघ गुरगुरला. पण तीन वर्षांत त्याला इतकं कुणी विचारलं नव्हतं. तो बाजूला झाला.

दुसऱ्या खिंडीत एक राक्षसीण पोट आवळून लोळत होती. तिनं दोन वैदूंच्या दोन पुड्या दाखवल्या. एक सकाळी घेई, एक संध्याकाळी. अक्कानं दोन्ही हुंगल्या. "बाई, नावं दोन असली तरी आत जुलाबाची सोनामुखीच आहे. दुप्पट घेऊन पोटाला मुरडा नाही पडणार तर काय? दोन्ही टाक आणि मीठसाखरेचं पाणी पी." राक्षसिणीनं पुड्या दरीत भिरकावल्या आणि वाट दिली.

तिसऱ्या ठिकाणी गुहेच्या तोंडाशी कालजंघ बसला होता. घागर त्याच्या मांडीशी होती, आणि परक्यांच्या वेदनांच्या धगीवर तो स्वतःचं आयुष्य लांबवत होता. मात्र आज त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"कशाला आलीस ते ठाऊक आहे," तो म्हणाला. "छातीत जळजळतंय. अपचन असेल. ओव्याची पुडी दे आणि घागर ने."

पुडी झोळीत होती. द्यावी, घागर उचलावी, आणि हा मरतो तर मरू दे. असं अक्काच्या मनात आलंच नाही म्हणाल, तर खोटं होईल. पण खांद्यावरची साळुंकी सवयीनं बोलून गेली, "कुठे दुखतं?"

"छातीच्या मधोमध. धोंडा ठेवल्यागत."

"केव्हापासून?" अक्कानं विचारलं.

"पहाटेपासून. डावा हातही भरून आलाय. घाम थांबत नाही."

"आधी काय घेतलंत?"

"ओवाच. दोनदा."

अक्कानं झोळीचं तोंड बांधलं. "हे ओव्याचं दुखणं नव्हे. यावर माझ्या दुकानात औषध नाही. जागचे हलू नका, आणि थोरल्या वैद्याला आत्ताच्या आत्ता बोलावणं धाडा."

कालजंघ तिच्याकडे पाहत राहिला. "मी तुझा वैरी. पुडी देऊन मोकळी झाली असतीस. तुला कळलं तरी कसं?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून. आणि तुम्हाला दुखलं म्हणून तुम्ही सांगितलंत. माझ्या राज्यात कुणाला सांगताच येत नाही."

मायाव्यानं पायानं घागर पुढे ढकलली. "वेशीच्या आत फोड. जी फोडील तिचं दुःख तिला आधी मिळेल." त्यानं आपला कावळा वैद्याकडे पिटाळला. वैद्य वेळेवर पोहोचला की नाही, मला माहीत नाही.

राजवाड्याच्या पायरीवर अक्कानं घागर आपटली. आधी ती स्वतः गुडघ्यांवर कोसळली. मग साऱ्या नगरीतून एकच आक्रोश उठला. आणि वाड्यातून शशिलेखा किंचाळली, "आई गं! कान!"

अक्का उठली, भिंतीला धरून आत गेली. राजघराण्याच्या रिवाजाप्रमाणे पोरीच्या उजव्या कानात रोज अत्तराचा फाया बसे. तो काढल्यावर घाण आली. आत, खोल, खेळता खेळता कधीतरी गेलेली गुंज होती. राजवैद्यानं बारीक चिमट्यानं ती काढली, तसा पू वाहिला. पोर रडत रडत झोपली. राजानं राणीसाठी सात वर्षांनी हंबरडा फोडला, आणि त्याला कुणी अडवलं नाही. आठवड्यात पोर हिंडू लागली.

घागर फुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दुकानापुढे रांग लागली होती. अक्का सगळ्यांना विचारत होती, पुड्या बांधत होती. कुणी कुरकुरलं नाही. रांग सरली तेव्हा तिनं बाळोजीचा खल जवळ ओढला आणि त्यावर हात ठेवून बसून राहिली.

साळुंकी खांबावरून उतरली. "कुठे दुखतं?"

एवढ्या आयुष्यात अक्काला हे कुणी विचारलं नव्हतं. तिनं छातीवर हात ठेवला. "इथे."

"केव्हापासून?"

"चार वर्षं. कळलं काल."

"याआधी काय घेतलंस?"

"काही नाही," अक्का म्हणाली, आणि खलावर डोकं टेकवून रडली.

त्या राज्यात आजही लोक कण्हतात, आणि शेजारी उठून विचारायला येतात. गोष्ट इथवरच. ज्याला जिथे दुखत असेल, त्यानं सांगावं.