गुलाबशेठचा चहा

"राग गेला म्हणतोस. मग पैसे कुठं गेले?" माईंनी विचारलं.

माळावरच्या मठीत सखाहरी आला होता आपल्या गुरूची शाबासकी घ्यायला, आणि म्हातारी भलतीच चौकशी करत होती.

गुलाबशेठच्या बँडमध्ये त्याने सबंध लग्नसराई क्लॅरिनेट वाजवलं होतं. सराई सरली, पगार मात्र शेठकडेच राहिला. बँड सोडल्यावरही सखाहरी दर बाजाराच्या दिवशी वसुलीला जायचा. शेठ कधी नाही म्हणायचा नाही. खुर्ची द्यायचा, चहा मागवायचा, चार माणसांत 'आमचा कलावंत' म्हणून पाठ थोपटायचा आणि पुढच्या बाजारी ये म्हणायचा. सखाहरी चहा पिऊन, हात जोडून परत यायचा.

हे सगळं त्याने माईंना मोठ्या अभिमानाने सांगितलं. एकदाही आवाज चढला नाही, राग सोडायची ही सगळी तुमची शिकवण, असंही वर जोडलं. घरी बायको काय म्हणते, तेवढं गाळलं.

"आणि क्लॅरिनेट?"

"गहाण आहे, माई."

तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं. त्याआधी वाद्य सुटलं नाही, तर दुसरा कुठलाही बँडवाला त्याला दारात उभं करणार नव्हता. वर्षभर घरी बसायची पाळी येणार होती.

माई वाती वळत होत्या.

"उद्या जा. नेहमीसारखंच सगळं कर. फक्त चहा घेऊ नको."

सखाहरी हादरला. "पुढ्यात आलेल्या चहाला नाही कसं म्हणायचं? माणूस दुखावतो, माई."

माईंनी दुसरी वात घेतली...

दुसऱ्या दिवशी तो खुर्चीत बसला. चहा आला. त्याने कप जरासा लांब सारला आणि नको म्हणाला. एवढी लाज त्याला पगार मागतानाही कधी वाटली नव्हती.

शेठ चमकला. पित्त झालंय का, म्हणून विचारलं. मग आलं घालून मागवला. मग कॉफी. मग गरम भजी. सखाहरी अगदी नम्रपणे नको नको म्हणत गेला आणि टेबल भरत गेलं. पहिल्या चहावर साय धरली. शेठला स्वतःचा चहाही घशाखाली उतरेना.

तेवढ्यात एक वरबाप मुलाच्या लग्नासाठी बँड ठरवायला आला. बोलणी चटकन जमली. इसार द्यायला त्याने खिशात हात घातला आणि त्याची नजर टेबलावर गेली.

"पाहुणे काहीच घेत नाहीत?"

"घेईन की," सखाहरी खरं ते बोलला. "पगार मिळाला की घेईन."

वरबापाचा हात खिशातच राहिला.

शेठने त्या खिशाकडे पाहिलं, मग सखाहरीकडे पाहिलं, आणि मुकाट्याने गल्ला उघडला.

संध्याकाळी सखाहरी सोडवलेलं क्लॅरिनेट काखेत मारून मठीत आला. माईंना वाटलं, आता पेढे काढतो. पण गड्याचं तोंड लालबुंद झालं होतं.

पैसे मिळाले, वाद्य सुटलं, आणि इकडे येताना वाटेत जो संताप आला तो काही उतरेना, असं तो सांगू लागला. पैसे तिथं गल्ल्यातच होते. दर खेपेला होते. आणि हा शहाणा समोर बसून पाठ थोपटून घेत होता. शेठचा राग येत होता, त्या चहाचा येत होता, आणि स्वतःचा तर सगळ्यांहून जास्त.

"इतक्या वर्षांची साधना मातीत गेली, माई. आता काय राहिलं माझ्याकडे?"

माई खुदकन हसल्या.

"बरं झालं. आज कुठं सोडण्यासारखं काही हाताला लागलं तुझ्या."