कोंडलेला प्रोग्रॅम

“पण मूळच बदलल्यावर तो बाहेर पडलाच कसा, मास्तर?”

वैजयंती दस्तगीरमास्तरांच्या ओसरीच्या खांबाला टेकून मटकन बसली. डोळे चुरचुरत होते.

मिरजेतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्याचे संगणक ती सांभाळायची. बाहेरून येणारे रिपोर्ट घेणारा एक प्रोग्रॅम होता. त्यानं इतरत्र डोकावू नये म्हणून तिनं त्याचं मूळ, म्हणजे त्याला दिसणारी सगळ्यात वरची जागा, बदललं होतं. एक लहानसा फोल्डर नेमून दिला, त्याच्या वर काही नाही. तेच त्याचं जग.

“आता ब्रह्मदेव आला तरी हा बाहेर पडायचा नाही,” असं ती सगळ्यांना ऐकवून बसली होती.

आणि आज एका पेशंटच्या मुलाचा फोन आला. “आमच्या आईचे कागद परक्या माणसाकडं गेलेच कसे, बाई?”

फोन ठेवून ती तडक मास्तरांकडं आली होती.

मास्तरांनी उभी हयात कॉलेजच्या संगणक केंद्रात काढली होती. आता फार बोलवत नसे. ओसरीवरच्या खाटेवर पडल्या पडल्या, डोळे मिटूनच त्यांनी विचारलं,

“मूळ बदललंस?”

“बदललं. शंभरदा तपासलं.”

“हं… ती खोली बंद कर.”

वैजयंती कशीबशी उठली. ओसरीवरूनच दार ओढून तिनं कडी घातली.

“झालं.”

“आता तू आत अडकलीस.”

“मी? मी तर बाहेर उभी आहे!”

मास्तरांनी मिटल्या डोळ्यांनीच तिच्या पायांकडं बोट केलं.

तिचा हात कडीवरच राहिला. मूळ बदललं, तेव्हा प्रोग्रॅम कुठं उभा होता? जुन्याच जागी. त्याला नव्या जगात नेऊन उभं करणारी ओळ लिहायची राहूनच गेली होती. बाहेरच्या माणसानं त्याला जुन्या जागेवरून पायरी पायरीनं वर चढवलं, आणि सगळं घर मोकळं सापडलं.

“एवढ्याशा ओळीपायी…” ती हसली, पण तिचे डोळे भरून आले होते. “आत्ता जाऊन घालते. मग निवांत झोपेन.”

“तो चालतो कुणाच्या अधिकारानं?”

“संगणकाच्या मालकाच्या. मूळ बदलायला तोच अधिकार लागतो, मास्तर.”

“आणि बदलून झाल्यावर?”

“…तोच. म्हणजे मूळ त्यालाही पुन्हा बदलता येईल!”

मास्तरांनी कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं.

“खिशात किल्ली घेऊन बसलेल्याला कैदी नाही म्हणत, पोरी. पाहुणा म्हणतात.”