सांडलं ते ठकीचं

ऐका रे ऐका! कान टवकारा. बोटं तोंडातून काढा. ए, तू पण काढ!

एक होती मुंगी. तिचं नाव ठकी. केवढी होती? तिळाएवढी. अंहं, तिळाच्या धाकट्या भावाएवढी.

ठकी राहायची चंपूमावशीच्या चुलीमागे. मावशी करायची शिरा. वाटी नाही, चमचा नाही. मूठ भरायची, कढईत टाकायची. मुठीतून साखर सांडायची. टिप टिप टिप!

मावशी म्हणायची, "राहू दे. सांडलं ते ठकीचं."

मावशीच्या आईची हीच रीत. आईच्या आईचीही हीच.

एक दिवस शहरातून भाची आली. तिचं नाव रेणू. तिनं आणला चमचा. चकचकीत! मापाचा!

रेणू म्हणाली, "मावशी, अंदाजानं कुणी करतं का? मापानं कर गं."

मावशी म्हणाली, "बरं बाई. तू शिकलेली!"

मावशीनं कढईत तूप टाकलं. तुपावर रवा टाकला. मग बसली साखर मोजत. चमचा भरला. काठावर बोट फिरवलं. सपाट! मोजता मोजता चुकली. पुन्हा डब्यात ओतली. पुन्हा मोजली. सपाट! सपाट! सपाट!

इकडे चूल गेली विझत. आणि साखर? एक दाणा सांडेना!

ठकी चमच्याकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"चमच्या रे चमच्या, साखर सांड ना!"

"का गं ठके?"

"माझ्या पोटात कावळे! काव काव!"

चमचा म्हणाला, "मी नाही सांडत. मी मापाचा! सांडतो तो हात."

ठकी हाताकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"हाता रे हाता, मूठ भर ना!"

"का गं ठके?"

"साखर सांडेना. माझ्या पोटात कावळे! काव काव!"

हात म्हणाला, "एवढ्याशा पोटात कावळे? मावले कसे? मी नाही मूठ भरत. नाक सांगेल तेव्हा भरेन."

ठकी नाकाकडे गेली. चढ चढ चढली. मावशीचं नाक लांब आहे हो! तुरुतुरु, तुरुतुरु.

"नाका रे नाका, हाताला सांग ना!"

"का गं ठके?"

"हात मूठ भरेना. साखर सांडेना. माझ्या पोटात कावळे! काव काव!"

नाक म्हणालं, "सूं सूं! वासच नाही. मी नाही सांगत. रवा भाजेल तेव्हा सांगेन."

ठकी रव्याकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"रव्या रे रव्या, खमंग भाज ना!"

"का गं ठके?"

"नाक सांगेना. हात मूठ भरेना. साखर सांडेना. माझ्या पोटात कावळे! काव काव!"

रवा म्हणाला, "मी कोरडा ठणठणीत. मी नाही भाजत. तूप वितळेल तेव्हा भाजेन."

ठकी तुपाकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"तुपा रे तुपा, वितळ ना!"

"का गं ठके?"

"रवा भाजेना. नाक सांगेना. हात मूठ भरेना. साखर सांडेना. माझ्या पोटात कावळे! काव काव!"

तूप म्हणालं, "हुडहुडी भरली गं बाई. मी नाही वितळत. चूल पेटेल तेव्हा वितळेन."

ठकी चुलीकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"चुली गं चुली, पेट ना!"

"का गं ठके?"

आता सगळ्यांनी म्हणा. मी दम खातो.

"तूप वितळेना. रवा भाजेना. नाक सांगेना. हात मूठ भरेना. साखर सांडेना. माझ्या पोटात कावळे! काव काव!"

चूल खोकली. खॉक खॉक! "मी नाही पेटत. कुणी फुंकेल तेव्हा पेटेन."

आता फुंकणार कोण? ठकीनं गाल फुगवले. फु! राखेचा एक कण उडाला. ठकीच उलटी पडली. टिच्च!

ठकीला आलं रडू. एवढंसं रडू. तेवढ्यात तिला दिसलं काय?

चुलीपाशी मावशीच्या पायाचा अंगठा! गोल गोल! गुबगुबीत!

मावशी मोजत होती, "सहा... सात... का आठ?"

ठकी अंगठ्यावर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु. आणि चावली. कच्च!

"आई आई गं!" मावशी ओरडली. पाय धरला. गाल फुगवले. अंगठ्यावर फुंकर घातली. फूऽऽ! फूऽऽ!

अंगठा राहिला बाजूला. फुंकर गेली चुलीत!

चूल पेटली. भक्क!

तूप वितळलं. चुर्र!

रवा भाजला. खर्र खर्र, खर्र खर्र!

नाक म्हणालं, "सूं सूं! आत्ता गं, आत्ता!"

मावशीनं दूध ओतलं. चर्रर्र! हातानं चमचा फेकला. ठण्ण! हातानं मूठ भरली.

आणि साखर सांडली. टिप टिप टिप!

मावशी हसली. "राहू दे. सांडलं ते ठकीचं."

एक दाणा ठकीच्या पोटात. एक दाणा डोक्यावर. पुढचं मोजणं ठकीला येत नाही. मला तरी कुठं येतं!

आणि पोटातले कावळे? उडाले भुर्र!

रेणूनं शिरा खाल्ला. ताटली चाटली. बोटं चाटली. कोपरापर्यंत चाटली!

"मावशी, साखर किती घातलीस गं?"

"मला काय ठाऊक? हाताला विचार!"

हाताला कुठला वेळ? तो रेणूला आणखी वाढत होता.

आणि तो चमचा? आहे की! मावशी त्यानं पाठ खाजवते. अगदी मापात!

कढई झाली रिकामी. खरवड उरली तळाला. आधी 'आ' करेल त्याला!

आ करा... अंहं! आधी हात धुवा. आणि सांडलं तर राहू द्या. ते कुणाचं?

ठकीचं!