शलोमीबाईच्या हाताचा गुण

ही गोष्ट नेमकी किती जुनी, ते कवठेवाडीत कुणालाच सांगता येत नाही. कुणी म्हणतं प्लेगच्या आधीची, कुणी म्हणतं नंतरची, आणि दोघंही आपापल्या आजोबांची शपथ घेतात. एवढं मात्र सगळ्यांना मान्य आहे, की तेव्हा गावच्या प्रार्थनामंदिराला घंटा नव्हती. लिंबाच्या फांदीला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. लेवीमास्तर त्यावर हातोडी मारायचे आणि चाळीस ख्रिस्ती घरांची मंडळी उपासनेला जमायची.

त्या गावात शलोमी नावाची एक नवी सून आली. ती इतकी गप्प, की पहिले दोन महिने लोकांना ती मुकीच वाटली. सासूला तर जरा बरंच वाटलं म्हणतात.

एकदा लेवीमास्तर मंदिराचे पत्रे ठोकायला वर चढले आणि घसरून खाली आले. खांदा निखळला. हाडं बसवणारा माणूस दोन गावं पलीकडे राहायचा, आणि तो नेमका लग्नाला गेलेला. पुरुष मंडळी गोल करून उभी राहिली आणि काय करावं ते एकमेकांना सांगू लागली. शलोमी पाण्याचा हंडा घेऊन तिथून चालली होती. तिनं हंडा खाली ठेवला, पदर खोचला, मास्तरांचा हात धरला आणि डोळे मिटले. माहेरी मेंढरं होती, अडलेलं कोकरू कधी सोडवलेलं, एवढंच तिचं शिक्षण. पण तिच्या बोटांना आत काहीतरी ऐकू आलं. खट्‌ असा आवाज झाला. मास्तर आधी ओरडले, मग हात फिरवून बघितला, मग हसले.

त्याच हातानं त्यांनी शलोमीचे दोन्ही तळवे धरले आणि तिथंच धुळीत उभं राहून प्रार्थना केली, की प्रभू, हा गुण तू दिलास, तो या गावाच्या कामी येऊ दे.

आणि आला. असं म्हणतात, की शलोमीबाई नुसत्या घोंगडीवरून हात फिरवायची आणि आतलं केसाएवढं चिरलेलं हाड सांगायची. असं म्हणतात, की एक लंगडा बैल ओढा ओलांडून आपला आपण आला आणि तिच्या अंगणात पाय पुढं करून बसला. आणि असंही म्हणतात, की मोठ्या प्रार्थनासभेचा मांडव कोसळला, तेव्हा तिनं एका दिवसात सतरा माणसांची हाडं बसवली, आणि सतरावा नाचत घरी गेला. तो आधीही धड चालत नव्हता, हे सांगणारे सांगत नाहीत.

पण मग गाव घाबरलं. नसतं तेव्हा माणूस निवांत असतो. मिळालं की ते जाईल याची भीती सुरू होते. उपासना झाल्यावर मंडळीचे पंच लिंबाखाली बसले आणि त्यांनी ठरवलं, की शलोमीबाईचे हात जपायचे. त्या हातांनी शेणात जायचं नाही, जात्याला लागायचं नाही, मिरची कुटायची नाही, तव्याजवळ जायचं नाही. दर रविवारी मास्तर हात वर करून आशीर्वाद द्यायचे, आणि तो संपला रे संपला की दोन बाया पुढं होऊन शलोमीबाईच्या हातांवर धुवट फडकं गुंडाळायच्या. घरी जाईपर्यंत वाटेत आशीर्वाद सांडू नये म्हणून.

मास्तर एकदा म्हणाले, की देवाचं देणं म्हणजे काय ताक आहे का हिंदकळायला. पण मास्तरांचं वय झालं होतं. लोकांनी मानेनं हो म्हटलं आणि फडकं घट्ट बांधलं.

शलोमीबाईला हे आवडलं नाही असं कुणी सांगत असेल, तर ते खोटं. तिला आवडलं. सून म्हणून आलेल्या बाईला कुणी बस म्हटलं, तर कुणाला आवडणार नाही? अकरा वर्षं ती बसली.

घरातलं काम मात्र कुठं गेलं नव्हतं. ते जावेवर आलं. थोरली जाऊ सुंदराबाई दोघींचं पाणी भरायची, दोघींचं दळायची, दहा माणसांच्या भाकरी एकटी थापायची. एका सकाळी ती शेजारणीला म्हणाली, शलोमीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "आमच्या घरात दोन हात देवाचे, आणि बाकीचे सगळे माझे."

हे शलोमीला फार लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं.

त्याच दिवशी सुंदराबाई दोन हंडे घेऊन विहिरीच्या पायऱ्यांवर घसरली. उजवं मनगट मोडलं. बाया धावत शलोमीला बोलवायला आल्या. शलोमी मंदिरात बसली होती. तिनं डोळे न उघडता सांगितलं, की मी तीन दिवसांचा उपास धरलाय, प्रार्थनेतून मधेच उठता येत नाही. आता प्रार्थनेला बसलेल्या माणसाला कवठेवाडीत कोण उठवणार? बाया चपला हातात घेऊन मागं फिरल्या.

तीन दिवस शलोमीनं काय प्रार्थना केली, ते तिचं तिला माहीत. चौथ्या दिवशी ती घरी गेली. जावेचा हात सुजून भोपळ्यासारखा झालेला. शलोमीनं फडकं सोडलं, हात ठेवला, डोळे मिटले. आत काहीच ऐकू आलं नाही. रिकाम्या घराच्या दारावर थाप मारल्यासारखं झालं. तिनं अंदाजानं ओढलं, अंदाजानं बांबूच्या कामट्या बांधल्या. मनगट वाकडं बसलं.

पुढं कुणाचा घोटा आला, कुणाचं बोट आलं. सगळ्यांवर तिनं हात ठेवला, आणि सगळे जसे आले तसे गेले. गुण गेला होता.

मग गावात बोलणी सुरू झाली. एक म्हणाला, देवानं दिलं, देवानं नेलं. दुसरा म्हणाला, देव नेत नाही, सैतान चोरतो. फडकं बांधणाऱ्या दोघींपैकी एक म्हणाली, की गाठ दुसरीनं सैल बांधली होती. त्यावरून त्या दोघी पुढं वर्षभर बोलल्या नाहीत.

शलोमी कुणाशीच बोलली नाही. लोकांना गुण गेल्याचं वाईट वाटत होतं, पण तिची भीती वेगळीच होती. ज्यानं दिलं त्यानं आपल्याकडे पाठ फिरवली, हे तिच्या जिवाला खात होतं. हात गेले तर गेले, पण तोही गेला असेल तर? शेवटी ती लेवीमास्तरांकडे गेली. मास्तर आता बाजेवर असायचे आणि माणूस आवाजावरून ओळखायचे.

तिनं विचारलं, "मास्तर, देवानं दिलेलं परत घेतलं का हो?"

मास्तरांनी चाचपत तिचा हात धरला. मग म्हणाले, "तो दिलेलं मागायला दारात येत नाही, पोरी. त्याचा हात अजून उघडाच आहे. मिटलाय तुझा. आम्ही गाववाल्यांनी तो बांधला, आणि त्या तीन दिवसांत तू आतून मूठ आवळलीस." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "सुंदराकडे गेलीस का?"

"हे असले हात घेऊन कशी जाऊ?"

"हातांनी नको जाऊ. पायांनी जा."

घर एकच होतं, पण मोडलेल्या हातानंतर सुंदराबाईनं मागच्या पडवीत चूल वेगळी मांडली होती. अंगण ओलांडायला शलोमीला अख्खी सकाळ लागली असं म्हणतात. सुंदराबाई डाव्या हातानं पीठ मळत होती. तिनं मान वर केली नाही.

"वाकडा हात बघायला आलीस?"

शलोमी म्हणाली, "मी उपासाचं खोटं सांगितलं. मला राग आला होता. मला माफ करा, बाई."

सुंदराबाईनं माफ केलं नाही आणि हाकललंही नाही. तिनं परात पायानं पुढं सरकवली. "आधी भाकरी थाप."

अकरा वर्षांनी शलोमीनं पिठाला हात लावला. भाकर एकीकडे जाड, एकीकडे पातळ, मधे भोक. तव्यावर टाकताना तिचे दोन तुकडे झाले आणि बोटं पोळली ती निराळीच. सुंदराबाई बघत होती. "कुठल्या मुलखाचा नकाशा काढलास गं?" म्हणाली, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली.

शलोमी दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशीही आली. पंचांनी निरोप पाठवला, की हात पोळले तर उरलासुरला आशीर्वादही जाईल. तिनं उलट निरोप दिला, की गेलेलं आणखी कुठं जाणार. ती पाणी भरू लागली, दळू लागली, गवत काढू लागली. हातांना घट्टे पडले. भाकर गोल होऊ लागली. रोज संध्याकाळी ती जावेच्या मनगटाला तिळाचं तेल चोळायची, आणि जाऊ रोज तिच्या चोळण्यात खोट काढायची.

असे दोन महिने गेले. एका संध्याकाळी चोळता चोळता शलोमीचा हात थांबला. आतून आवाज आला होता. अगदी बारीक, पण आला. हाड कुठं चुकलंय, ते तिला उजेडात बघावं तसं दिसलं.

ती घाबरली. कारण ते सरळ करायचं तर आधी मोडायला लागणार होतं. आणि तो आवाज म्हणजे आपल्याच मनाचा खेळ असला, तर सुंदराबाईचा हात कायमचा जाणार होता. तिनं हे सगळं जावेला सांगितलं. काही लपवलं नाही.

सुंदराबाईनं विचारलं, "गुण परत आला म्हणतेस?"

"माहीत नाही. मला वाटतं तो गेलाच नव्हता. पण खातरी नाही."

सुंदराबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग तिनं वाकडा हात जावेच्या मांडीवर ठेवला. "तुझ्या गुणावर माझा काडीचा भरवसा नाही. पण तू रोज येतेस. मोड."

असं म्हणतात, की शलोमीबाईनं प्रभूचं नाव घेतलं आणि ते मनगट मोडून जागच्या जागी बसवलं, त्या क्षणी लिंबावरचा रूळ कुणी हात न लावता वाजला. सुंदराबाईचं म्हणणं शेवटपर्यंत असं होतं, की शेळीनं शिंगं घासली असतील. हात मात्र सरळ झाला. फक्त करंगळी तेवढी जरा बाहेर राहिली, आणि चहाचा पेला धरताना ती लोकांना मुद्दाम दिसेल अशी धरायची, असंही म्हणतात.

त्यानंतर शलोमीबाईनं चाळीस वर्षं हाडं बसवली. घोटा मोडलेला माणूस आला, की ती हात पुसत चुलीपासून उठायची आणि तिच्या बोटांचं पीठ त्याच्या पायाला लागायचं. फडकं पुन्हा कुणी बांधलं नाही.

आता कवठेवाडीत घंटा आहे आणि तालुक्याला दवाखानाही आहे. पण हंगामाच्या सणाच्या रविवारी, जेव्हा लोक नवं धान्य मंदिरात आणतात, तेव्हा एक रीत अजून चालते. त्या सकाळी ज्याचं ज्याच्याशी बोलणं बंद असेल, त्यानं त्याच्या घरी जायचं आणि त्याच्या चुलीवर एक भाकर थापायची. पुरुषांनीसुद्धा. कशीही होवो, घरच्यानं हसायचं, आणि दोघांनी ती मंदिरात आणायची. सगळ्या भाकरी आल्याशिवाय शेवटचा आशीर्वाद दिला जात नाही.

मागच्या सणाला पाळक नवे होते, शहरातून आलेले. गाणी झाली, उपदेश झाला, दुपारचे दोन वाजले तरी मंडळी हलेना. त्यांनी पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या एलीशाबाईंना हळूच विचारलं, की आता कुणाची वाट बघायची, आणि इतका उशीर झाला तर लोक आशीर्वाद न घेताच निघून जातील ना.

"शमुवेलतात्या भावाकडे गेलेत," एलीशाबाई म्हणाल्या. "त्यांची भाकर अजून तव्यावर असेल. बसा साहेब. आशीर्वाद कुठं जात नाही. आम्हीच यायचे बाकी असतो."

पाळकसाहेब बसले.